यजमानाची खोली

९ एप्रिल, बुधवार

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात पुण्याच्या शंतनूचा फोन. हा आमचा यजमान. खळदकरांचं घराणं पिढ्यान् पिढ्या आमच्याकडं आहे. देवीला आले की आमच्या घरी उतरायचे, दाराजवळच्या खोलीत मुक्काम, चंद्रप्रभाच्या हातचं जेवण. शंतनूच्या वडिलांपर्यंत हे चाललं. हा पोरगा लहानपणी जावळाला आला होता तेवढाच. आता अभिषेक फोनवर सांगतो आणि दक्षिणा मोबाईलवर पाठवतो. पाठवतो हेच लई झालं म्हणायचं.

म्हणाला, "पुजारीकाका, आंबेगावात माझा एक फ्लॅट भाड्यानं द्यायचाय. एक जोडपं बघायला आलंय. मुलगी म्हणते, मी तुळजापूरच्या भागवत पुजाऱ्यांची लेक, भैरवी. डिपॉझिट थोडं कमी करा म्हणते. नवऱ्याचं आडनाव ऐकून मला जरा शंका आली. म्हणलं तुम्हालाच विचारावं."

मी म्हणलं, "आम्हाला मुलगी न्हाय."

"बरं झालं विचारलं," म्हणाला आणि ठेवला.

खोटं काय बोललो? गेल्या दिवाळीत तिनं जळकोटच्या बुद्धघोषाशी नोंदणीचं लग्न केलं, त्याच दिवशी मी डोक्यावरून आंघोळ करून मोकळा झालो. पोरगा बँकेत आहे, शिकलेला आहे, निर्व्यसनी आहे, सगळं मान्य. पण बौद्धाचा. पुजाऱ्याच्या घरातली पोरगी! बाहेर जाऊन माझं नाव सांगून घर मागते, लाज वाटायला पाहिजे.

चंद्रप्रभा दारात उभी होती. सगळं ऐकलं असणार. चहा ठेवला आणि मागं वळली.

भैरवी. हे नाव या वहीत शेवटचं.

१२ एप्रिल

चैत्री पौर्णिमा. गर्दीत जीव नकोसा झाला. कुंकवाच्या दुकानातला तो दातपडका म्हातारा मुद्दाम मोठ्यानं विचारतो, "पुजारी, जावईबापू काय म्हणत्यात?" बाजूचे चौघं फिदीफिदी. मी म्हणलं, "तुझ्या तेराव्याला येतो म्हणलेत." पण बोलून काय होतं? आतडं जळायचं ते जळतंच.

ठरवलं. गाव सोडायचं. देवीच्या पूजेची पाळी पुतण्या उत्कर्ष करील, त्याचा आवाजही खणखणीत आहे. आमच्या दोघांचं पोट किती! रात्री चंद्रप्रभाला सांगितलं. तिनं विचारलं, "कुठं जायचं?" म्हणलं, जिथं आपल्याला कोणी ओळखत नाही तिथं. "मग कुठंही चालंल," म्हणाली.

२७ एप्रिल

उत्कर्षला समोर बसवून मोबाईलवर भाडी बघितली. सोलापूर, दोन बेडरूम, नऊ हजार. स्वस्त आहे, पण नळाला पाणी चार-पाच दिसाआड, आम्ही सोवळ्यातली माणसं, कसं निभायचं? लातूर, अकरा हजार. पाण्याची गत तिथंही काही वेगळी न्हाय. पुण्यात वीस-बावीसच्या खाली कोणी बोलायला तयार नाही, वर दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, वर दलालाचा एक महिना. दरोडाच की हा.

उत्कर्ष म्हणाला, "काका, एकच बेडरूम बघा. सोलापुरात सहा हजारात काम होतंय."

मी म्हणलं, दोनच पाहिजेत.

"दुसरी कशाला?" हे चंद्रप्रभानं विचारलं.

"यजमान आले तर कुठं निजवायचं? डोक्यावर?"

"अहो, गाव सोडल्यावर यजमान कशाला येतील? देवी तर इथंच राहणार."

"रीत ती रीत. पुजाऱ्याच्या घरात एक खोली जास्त असतीच."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग उठून भाकरी थापायला गेली. या बाईला हल्ली काही समजावून सांगायला जावं तर अशी बघते.

८ मे

सोलापूर बघून झालं, लातूर बघून झालं. सोलापूरच्या घरात दुसरी खोली इतकी अंधारी की दिवसा दिवा लावावा. तिथं कुणी अभ्यास करायचा म्हणलं तर डोळे जातील. (यजमान अभ्यास करत नाहीत हे मला कळतं. पण घर बघताना सगळं बघावं.) लातूरचा घरमालक फार बोलतो. मुलंबाळं किती, हा पहिला प्रश्न. तुला काय करायच्यात बाबा आमच्या चौकशा? तिथून उठलोच.

आता पुणं. उत्कर्ष हसला. "काका, तिप्पट पैसे मोजून?" म्हणलं, हवा चांगली आहे. "पुण्याची?" म्हणलं, दवाखाने चांगले आहेत. आम्ही म्हातारे होत चाललो, हे कुणी बघायचं?

कात्रज-आंबेगावच्या बाजूलाच बघ म्हणून सांगितलं, तिकडून तुळजापूरची गाडी सोयीची पडते.

"काका, आपली गाडी सोलापूरवरून येती. हडपसरकडून. कात्रज पार दुसरीकडं राहिलं."

फार शहाणं झालंय कार्टं. म्हणलं, सांगितलं तेवढं कर.

२५ मे

आंबेगाव, दोन बेडरूम, तेवीस. धनकवडी, एकवीस, पण तिसरा मजला आणि लिफ्ट बंद. मी म्हणलं, लिफ्ट नसेल तर दाखवूच नको. माझे गुडघे अजून ठणठणीत आहेत, देवळाच्या पायऱ्या रोज उतरतो-चढतो. पण जिना वाईट. जिन्यावरून कोणी पडलं-बिडलं तर? कोणी म्हणजे कोणीही.

१९ जून

चंद्रप्रभा सोलापूरला डोळे दाखवायला म्हणून सकाळी गेली. मी संध्याकाळी स्टँडवर उभा होतो, तर ही उमरग्याच्या गाडीतून उतरली! सोलापूर एकीकडं, उमरगा दुसरीकडं. म्हणलं, गाडीची पाटी वाचता येत नाही तर डॉक्टरनं डोळ्याचं केलं काय? म्हणाली, "चुकून बसले, जळकोटपर्यंत गेले, मग परत आले." बघा. दिवसभर उपाशी फिरली असणार. पण चेहरा मात्र टवटवीत होता. कितीतरी महिन्यांनी मला हसून म्हणाली, "चला, रिक्षा करू."

सकाळी जाताना पिशवीत नवी हिरवी साडी आणि हिरव्या बांगड्या होत्या, मी बघितल्या होत्या. संध्याकाळी पिशवी रिकामी. विचारलं तर म्हणाली, देवीला वाहिल्या. देवी तुळजापुरात, ही साडी घेऊन गेली सोलापूरला! गाडीत विसरली असणार आणि आता सांगायची चोरी. मी जास्त ताणलं नाही. साडी गेली तर गेली.

३ ऑगस्ट

श्रावण चाललाय आणि घरात डिंकाचे लाडू! खारीक कुटण्याचा आवाज सकाळपासून. म्हणलं, हे थंडीतलं खाणं आत्ता कशाला? म्हणे कंबर दुखते. मी एक मागितला तर म्हणाली, "थांबा, आधी डबा भरू द्या." कंबर हिची, भूक माझी, आणि लाडू डब्यात. डबा पितळी, झाकणाचा, कपाटात वर ठेवला. तरी तळहातावर फुटका एक मिळाला. चंद्रप्रभाच्या हाताला जी चव आहे ती आहे.

ती खाताना माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "अहो, माणसानं किती दिवस राग धरावा?" मी म्हणलं, राग कुणावर धरू? जी माणसं न्हायतच त्यांच्यावर? डबा जोरात बंद केला तिनं.

१४ ऑगस्ट

घरात काय चाललंय काही कळत नाही. परवा सकाळी तिला फोन आला, ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नळ सोडून ठेवला होता. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले. विचारलं तर साबण गेला म्हणाली.

तेव्हापासून अन्नाला शिवली नाही. श्रावणातला उपवास म्हणते. पण उपवासाला साबुदाणा तरी खातात की. आणि देवघरात पाऊल टाकत नाही. "पूजा तुम्हीच करा काही दिवस, नैवेद्यही तुम्हीच दाखवा." का म्हणलं तर "मला शिवायचं नाही." आता हिचं शिवायचं न शिवायचं वय कधीच सरलं. देवीच्या दारात जन्म काढलेली बाई, हिला आता कसलं खूळ लागलं? मी गडबडीत पूजा केली, देवळातही जाऊन आलो. मनाला बरं वाटलं नाही. का ते कळेना.

२१ ऑगस्ट

आज कपाटातला डबा काढला. लाडू तसेच, एकही हललेला नाही. भीत भीत विचारलं, खाऊ का? म्हणाली, "खा. आता तुम्हीच खा सगळे."

खाल्ला एक. बाई अशी भिंतीकडं तोंड करून बसल्यावर कुणाला गोड लागेल?

मनात म्हणलं, हिला या घरानंच खाल्लंय. दाराजवळच्या खोलीत यजमान नसले की, जिचं नाव लिहायचं नाही ती, तिथं पुस्तकं पसरून बसायची. चंद्रप्रभा अजून रोज ती खोली झाडते. पुण्याला नेलं म्हणजे माणसात येईल.

५ सप्टेंबर

योगायोग बघा. शंतनूचा फोन, नवरात्रातल्या अभिषेकासाठी. सहज म्हणलं, आंबेगावात दोन खोल्यांचं बघतोय. तो म्हणाला, "अहो काका, माझाच फ्लॅट रिकामा होतोय या महिन्यात! बाविसाला जातो, तुम्हाला बारात देईन. डिपॉझिट घेतलं तर बाबा स्वर्गातून शिव्या घालतील. तुमच्या घरी आम्ही किती जेवलोय."

डोळ्यात पाणी आलं. ही चार पिढ्यांची पुण्याई. उत्कर्षला म्हणलं, बघ, तुझा मोबाईल तेवीस दाखवत होता. यजमानाचा भाव मोबाईलवर नसतो.

चंद्रप्रभाला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "तेच का घर? एप्रिलमधलं?" म्हणलं, असेल. ती उठून आत गेली.

१४ सप्टेंबर

देवी आज पलंगावर निजली. घटस्थापनेपर्यंत सिंहासन रिकामं, अभिषेक बंद, आम्हा पुजाऱ्यांना तेवढीच सवड. उद्याच्या गाडीनं पुणं. तिला म्हणलं, चल. "मी ते घर बघणार नाही," म्हणाली. बरं, नको.

१६ सप्टेंबर, पुणे

घर झकास आहे. पहिला मजला, लिफ्ट, खाली मेडिकल, पलीकडच्या गल्लीत बायकांचा दवाखाना. दोन्ही खोल्यांत उजेड. आतली खोली तर मला फारच आवडली. छताला एक जाडजूड कडी दिसली. शंतनू म्हणाला, आधीच्या कुणी पाळण्यासाठी बसवली असेल. मी थट्टेनं म्हणलं, यजमानाला झोका कशाला, काढून टाक ती, डोक्याला लागंल. "उद्याच सुतार येतोय, सांगतो," म्हणाला.

जिना उतरताना तो म्हणाला, "काका, त्या वेळी तुम्हाला फोन केला ते फार बरं झालं. नाहीतर फसलोच होतो. काय बेमालूम बोलत होती ती मुलगी! तुमच्या घराचं दार कुठल्या बाजूला, आमचे बाबा कुठल्या खोलीत उतरायचे, सगळं पाठ. पोटुशी होती, दमली होती, मी खुर्ची दिली. तुमचा फोन झाल्यावर तिला सांगितलं, बाई, पुजारीकाका म्हणतात त्यांना मुलगीच नाही. वाटलं भांडेल. भांडली नाही हो. नुसती म्हणाली, ते म्हणतात म्हणजे खरंच असेल. देवीच्या पुजाऱ्याचा शब्द आहे."

मी कठडा धरला. त्यानं विचारलं, चक्कर आली का? म्हणलं, जिना.

पोटुशी होती. हे त्यानं त्या दिवशी फोनवर सांगितलं नाही. मीही काही विचारलं नाही. नवऱ्याच्या आडनावाचं तो बोलला आणि मला तेवढंच ऐकू आलं.

आज शंतनूकडंच मुक्काम. आता बाळ केवढं असेल, हाच हिशोब डोक्यात फिरतोय. एप्रिलात दिवस दिसत होते म्हणजे आत्ता महिनाभराचं असेल. मुलगा की मुलगी, देव जाणे. उद्या घरी गेलो की चंद्रप्रभाला सांगायचं, चल, नातवंड बघायला जाऊ. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. तिला सगळं ठाऊक असणार, हे मला आत्ता कळतंय. हिरवी साडी! डिंकाचे लाडू! मी किती बैल आहे.

१७ सप्टेंबर

घरात पाऊल टाकताच म्हणालो, "मला कळलं. लाडवांचा तो डबा दे, आपण दोघं जाऊ."

चंद्रप्रभा तांदूळ निवडत बसली होती. सूप बाजूला ठेवलं. विचारलं, "घर कितव्या मजल्यावर आहे?"

"पहिला. लिफ्ट पण आहे."

"तिला चौथ्यावरचं मिळालं. धायरीत. लिफ्ट न्हाय. तुम्ही नाही म्हणल्यावर त्यांच्या खिशाला तेवढंच जमलं. पाणी खालून भरायचं. बुद्धघोष भरायचे, पण ते कामावर गेले की हीच. सातव्यात जळकोटला आणली होती, मथुराबाईंनी, तिच्या सासूनं. लेकीसारखं केलं हो त्या बाईनं. ओटी मीच भरली, हिरवी साडी नेसवली. मग ती परत गेली. ऑगस्टात..."

तिनं सूप परत मांडीवर ओढलं. कळायला एवढा वेळ का लागला मला?

"मुलगा होता," म्हणाली. "रडला नाही."

मी विचारलं, जिन्यामुळं?

"डॉक्टर काही बोलले नाहीत. जिना म्हणाले नाहीत, नशीब म्हणाले नाहीत. मी तुम्हाला दोष द्यायला बसले नाही. मी नुसतं सुतक पाळलं."

"मला का सांगितलं नाहीस? मी त्या दिवसांत देवीला हात लावला, चंद्रप्रभा!"

तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली. लग्नापासून ऐकला नव्हता असा आवाज. "तुम्हाला कसलं सुतक? तुम्हाला मुलगीच न्हाय की!"

आता ती आत पडून आहे. मी दाराजवळच्या खोलीत बसून लिहितोय. मला रडायला येतंय आणि मी रडतोय. लिहून ठेवतो.

१९ सप्टेंबर

दोन दिवस धीर केला. आज चंद्रप्रभा देवळात गेल्यावर तिचा मोबाईल घेतला. नाव शोधून सापडेना. शेवटी 'डोळ्यांचा दवाखाना' असं दिसलं. तोच नंबर.

"हां आई, बोल."

किती दिवसांनी आवाज ऐकला. बारीक झालाय. म्हणलं, "मी बोलतोय."

मग अगदी सरळ आवाजात म्हणाली, "बोला पुजारीकाका. तब्येत बरी आहे ना?"

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. यजमान बोलतात तशी अदबीनं म्हणाली. घराचंच बोललो. म्हणलं, शंतनूचं घर बघून आलो, दोन खोल्या आहेत, एक तुझी आहे. पहिल्यापासून तुझीच होती, मी तोंडानं यजमानाची म्हणत होतो. तू ये. दोघं या. बुद्धघोषरावांना घेऊन ये.

म्हणाली, "ते घर बघितलंय मी. आतल्या खोलीत उजेड छान आहे."

"व्हय, छान आहे."

"छताला कडी होती तिथं. यांनी लोंबकळून बघितली होती, पाळण्याला पक्की आहे का म्हणून. मी हसत होते. अजून आहे का हो ती?"

मी म्हणलं, आहे.

"बरं," म्हणाली. "आम्ही पुणं सोडलं. यांनी नांदेडला बदली मागून घेतली. तळमजला आहे, चांगलं आहे. आईला सांगा, रात्री फोन करते. गॅसवर दूध आहे, ठेवू का?"

ठेव म्हणलं. बाबा म्हण, असं म्हणणार होतो. कुठल्या तोंडानं म्हणायचं?

२२ सप्टेंबर, घटस्थापना

पहाटे देवी उठून सिंहासनावर बसली. पाळी उत्कर्षनं केली. मी मागं उभा राहिलो, आत हात लावायचं धाडस झालं नाही. चंद्रप्रभानं घरी घट मांडला. माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा देते, साखर विचारते.

दुपारी शंतनूला फोन केला. म्हणलं, घर नको, बाविसाला दे कुणालाही. आणि ती आतल्या खोलीतली कडी, ती काढू नको.

"अहो काका, ती दुसऱ्याच दिवशी कापली. वरून रंगही दिला, खूणसुद्धा राहिली नाही. का हो?"

मी म्हणलं, काही नाही. मग म्हणलं, "शंतनू, मला मुलगी आहे. तिचं नाव भैरवी."

मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मग हळूच म्हणाला, "म्हणजे काका, त्या दिवशी ती खरं बोलत होती?"

"व्हय," म्हणलं. "ती खरं बोलत होती."